तिसऱ्यांदा विचारलं तर

"पोरी, पहिल्यांदा विचारतात ते भीतीनं. दुसऱ्यांदा विचारतात ते तुझं तोंड वाचायला. तिसऱ्यांदा विचारलं ना, की खुर्ची ओढ, बस आणि सांगून टाक. उभ्यानं सांगायचं नाही. उभं राहून बोलणारा जायच्या घाईत असतो."

मेट्रनबाईंचा हा आवाज चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचा. जाडाभरडा, मधूनच खोकल्यानं अडणारा, आणि अडला तरी हुकूम सोडणारा. सिस्टर तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पांढऱ्या टोपीची टाचणी तिला अजून नीट लावता येत नव्हती, आणि सात नंबरच्या खाटेवरचा सुतार सकाळपासून एकच विचारत होता, "बाई, मी यातून उठतो ना?" ती पळतच मेट्रनबाईंकडे गेली. त्यांनी तिला ही रीत सांगितली आणि परत पाठवलं.

संध्याकाळी सुतारानं तिसऱ्यांदा विचारलं. तिनं खुर्ची ओढली, बसली आणि सांगितलं. सुतारानं उशाखालचा रुमाल काढून तोंड पुसलं. मग म्हणाला, "बरं झालं बाई. आता भावाला निरोप धाडतो."

त्या दिवसापासून ती रीत तिच्या अंगात मुरली. वर्षं गेली. टोप्या गेल्या, उकळून वापरायच्या सुया गेल्या, मेट्रनबाई गेल्या, रीत राहिली. सिस्टरनं लग्न केलं नाही. दुसऱ्यांच्या उशा सारख्या करता करता आपल्या उशाशी कुणी असावं हे राहूनच गेलं. निवृत्त झाली तेव्हा तिच्याजवळ दोन दुखरे गुडघे होते आणि एक धाकटी बहीण.

धाकटी शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, खुर्च्यांच्या गवसण्या. नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेऊन ती ताईच्या दोन खोल्यांत राहायला आली, आणि त्या दोन खोल्यांत पहिल्यांदाच गलका झाला. पायाखाली मशीन आणि ओठांवर जुळवाजुळव. कशावरही गाणं. ताई जिना चढून धापा टाकत आली की मशीन थांबवून म्हणायची,

"गुडघा म्हणे गुडघ्याला, जिना कुणी केला?
वर आली ताई माझी, जीव खाली राहिला."

"चेष्टा कर. तुझेही दिवस येतील," ताई म्हणायची.

"माझे गुडघे मशीननं घडवलेत, ताई. माझं काही बिघडलंच तर ते पोटात बिघडेल. खादाड आहे ना मी."

फक्त एका गोष्टीवर धाकटी गाणं करत नसे. तिची मुलगी दूर, समुद्रापलीकडे नोकरीला होती. बाप गेला त्या दिवशी, भरल्या घरात ती आईला म्हणाली होती, "घरी ठेवून घेतलंस म्हणून गेले ते. वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस तर जगले असते." पोरगी परत गेली. वर्ष होत आलं, इकडून फोन नाही, तिकडून फोन नाही.

"तू कर की आधी," ताई म्हणायची. "आई आहेस."

"मी का? तोंड तिनं सोडलं होतं." मग सुईत दोरा ओवत, खाली बघत, "जायची वेळ आली तर करीन गं. तेव्हा कसला आलाय मान! जन्मभराचा अबोला पाठीशी बांधून नाही जायचं मला. पण तोवर नाही."

दवाखान्यातून बोलावणं आलं ते याच दिवसांत. सिस्टरनं जिथं चाळीस वर्षं काढली तिथंच आता वॉर्डांत यंत्रं आली होती. दोन चाकांवर उभी, पांढरी, लांब मान, मानेच्या टोकाला इवलंसं डोकं आणि दोन मऊ रबरी हात. कंपनीनं दिलेलं भारदस्त नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. पेशंटांनी पहिल्याच आठवड्यात बारसं उरकलं: बगळा. बगळे औषध आणून द्यायचे, कूस बदलायला हात द्यायचे, चादर ओढायचे. पण आजारी माणूस नुसतं पाणी मागत नाही, तो प्रश्नही विचारतो, आणि तिथं बगळ्यांची पंचाईत होती. कुणाला काय सांगायचं, काय झाकायचं, कधी गप्प राहायचं, हे त्यांना कुणी शिकवायचं? डॉक्टरांना वेळ नव्हता. मग कुणाला तरी सिस्टरची आठवण झाली.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती. एक खाट, एक खुर्ची, स्टुलावर पाण्याचा जग. सिस्टर खाटेवर पेशंट होऊन पडायची आणि बगळा तिच्याशी बोलायचा. तिच्या डाव्या हाताशी दोन बटणं होती. हिरवं म्हणजे असंच, लाल म्हणजे असं नको. काचेपलीकडे कंपनीची मुलगी बसायची. तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, म्हणून सिस्टर तिला चष्मेवाली म्हणायची, आणि तिलाही ते चालायचं.

"आपल्या वेदना एक ते दहा या आकड्यांत सांगाल का?" बगळा विचारी.

"अरे मेल्या, तो माणूस कळवळतोय आणि तू त्याला पाढे म्हणायला लावतोस?" लाल.

"आपली तपासणी समाधानकारक नाही."

"कप आहे ना माझ्या हातात? गरम चहा आहे. आधी कप घे. हातातला कप सांडला की माणसाला बातमीपेक्षा चादरीची लाज वाटते." लाल. पुन्हा लाल. मग एकदा बगळ्यानं कप हळूच काढून स्टुलावर ठेवला, आणि हिरवं.

असं चार महिने. आधी पाय झाकलेत का बघ, उघड्या पायांच्या माणसाशी गंभीर बोलू नये. मान खाली आण, वरून बोलायचं नाही. घरचं माणूस दारात असेल तर त्याला आत येऊ दे. खोटं बोलायचं नाही, पण खरं अंगावर ओतायचंही नाही. बगळा हजारदा चुकायचा आणि लाल-हिरव्याच्या मधून हळूहळू वळण घ्यायचा. सिस्टर घरी येऊन सांगायची, "आज मान वाकवून बोलला गं. मला खरंच बरं वाटलं."

"म्हातारपणी पोर झालं म्हणायचं," धाकटी म्हणायची.

आणि शेवटी तो एक प्रश्न आला. मी यातून उठतो ना?

सिस्टरनं मेट्रनबाईंची रीत सांगितली. चष्मेवालीनं ती उतरून घेतली. "पहिल्या दोन वेळा धीर द्यायचा, कुणाला बोलावू का विचारायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर सांगायचं. बरोबर?"

"बरोबर."

"हा पक्का नियम होईल हं, सिस्टर. लाल-हिरवा नाही. सगळ्या वॉर्डांतले सगळे बगळे हाच पाळतील." तिनं चष्मा वर सारला. "तुम्ही कायम तीनच मोजले?"

सिस्टरनं बटणांवरचा हात उचलला. तिला एक शाळामास्तर आठवला. त्यानं एकदाच विचारलं होतं, पण असं, की तिनं तिथल्या तिथं सांगून टाकलं होतं. एक तरणी बाई आठवली. तिनं पाच-सहादा विचारलं, आणि प्रत्येक वेळी तिचे डोळे म्हणत होते, सांगू नका, सांगू नका. तिला सिस्टरनं शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण ते कसं सांगायचं? मी मोजत होते तो आकडा नव्हता, मग काय होतं? जन्मभराच्या कामाला नाव सापडेना, आणि कालच्या पोरीसमोर "मला माहीत नाही" म्हणायला जीभ वळेना.

"तीन लिही," ती म्हणाली. "चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

चष्मेवालीनं तीन लिहिलं.

धाकटीच्या पोटात दुखायला लागलं ते पुढच्या वर्षी. तिनं दोन महिने अंगावर काढलं. मशीनवरून उठताना कळ आली आणि ती तशीच खाली बसली, तेव्हा ताईनं तिला दवाखान्यात नेलं. चौथ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट मिळाली. बगळा तिच्या उशाशी आला, तिचे पाय झाकले, मान वाकवून म्हणाला, "नमस्कार. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

"ताई, हाच का गं तुझा लेक?" धाकटी हसली, आणि दुखऱ्या पोटावर हात धरून तिनं लगेच जुळवलंही,

"मान तुझी उंच रे, पोट तुझं रिकामं,
मी खाते बसून आणि तुला सारी कामं."

"हे छान आहे," बगळा म्हणाला. "पुन्हा म्हणाल का?"

तिनं पुन्हा म्हटलं. शेजारच्या खाटाही हसल्या.

सोमवारी दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टर दोन दिवस बाहेरगावी होते, परत आल्यावर बोलणार होते. पण सिस्टरला त्या दवाखान्यात कुठला कागद कुठं येतो हे पाठ होतं, आणि तो वाचायला तिला डॉक्टर लागत नव्हता. तिनं जिन्याच्या वळणावर उभं राहून वाचला. पोटातली गाठ यकृतात पसरली होती. महिने नव्हते, आठवडेही नव्हते. तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, नळावर तोंड धुतलं आणि वर गेली. धाकटीनं विचारलं, "तोंड का गं ओलं?" ती म्हणाली, "उकडतंय."

मंगळवारी दुपारी तिनं धाकटीचे केस धुवायचं ठरवलं. चार दिवसांत गुंता झाला होता. बगळ्याला तिनं कोमट पाणी आणायला पाठवलं आणि स्वतः मागं बसून बोटांनी केस मोकळे करू लागली. शेजारची खाट तपासणीला गेलेली, ती रिकामी. खिडकीतून ऊन आलं होतं, आणि धाकटी डोळे मिटून म्हणाली, "ताई, तुझ्या बगळ्याला मी दोनदा विचारलं. काल संध्याकाळी आणि आज सकाळी."

"काय विचारलंस?"

"मी चालले का, म्हणून. तो गोड बोलतो गं, पण सांगत नाही. म्हणतो, कुणाजवळ बसून बोलायला आवडेल का? मी मनात म्हटलं, बोलायला माझी ताई आहे." ती थांबली. केसांतली बोटंही थांबली. "तू तर वाचून आली असशील. मला ठाऊक आहे तुझं. खरं सांग. मी चालले का? चालले असेन तर पोरीला बोलावते."

हे तिसरं होतं. सिस्टरनं मोजलं नाही, पण ते तिला कळलं, जसं अंधारात आपल्या घराची पायरी कळते. तिनं शेकडो परक्यांना सांगितलं होतं. जवानाला सांगितलं होतं, बाळंतिणीला सांगितलं होतं, सांगून त्यांच्या हातावर हात ठेवून तासन्‌तास बसली होती. आता समोर धाकटीची मान होती. लहानपणी याच मानेवर ती वेणी घालायची आणि ही रडायची, ओढू नको ताई, दुखतं. ती मान आता काडीसारखी झाली होती. हिच्याशी बोलायचं तर तोंड दिसत नव्हतं. बोलायचं तर नुसते केस होते.

"काहीतरीच काय तुझं!" सिस्टर हसली. चांगली मोठ्यानं हसली. "पोटाला सूज आहे. परवा घरी जायचंय आपल्याला. पडदे कोण शिवणार लोकांचे?"

धाकटी जराशानं म्हणाली, "बरं. मग उगाच कशाला तिला घोर लावू." आणि खांदे सैल सोडून मागं रेलली.

बगळा पाणी घेऊन आला. त्यानं तापमान सांगितलं. सिस्टरनं केस धुतले, पुसले, विंचरले.

उद्या सांगीन, असं ती रात्रभर स्वतःला म्हणत होती. बुधवारी सकाळी ती पोचली तेव्हा धाकटी ओळखत नव्हती. दुपारी सिस्टरनं भाचीला फोन लावला. दोन विमानं बदलून भाची आली ती गुरुवारी दुपारी. धाकटी सकाळीच, चहाच्या वेळेला गेली होती.

भाची रडली नाही. आईच्या कपाळावर हात ठेवून ती उभी राहिली, मग वळून म्हणाली, "मावशी, हे एका दिवसात होत नाही. कुणाला काहीच माहीत नव्हतं? मला आधी का नाही कळवलं?"

"डॉक्टर बाहेरगावी होते," सिस्टर म्हणाली. हे खरं होतं. खऱ्या वाक्याच्या मागं इतकं काही दडवता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं भाचीला सांगितलं, तुझी आई त्या यंत्राला विचारत होती गं, दोनदा विचारताना मी ऐकलं, त्यानं सांगितलं नाही. आणि भाचीला बोट ठेवायला जागा सापडली. तिनं तक्रार दिली. रिपोर्ट त्या यंत्रात सोमवारपासून होता. माझी आई विचारत होती. त्यानं लपवलं.

कंपनी घाबरली. दुसऱ्याच दिवशी चष्मेवालीला हुकूम आला आणि तिनं सगळ्या बगळ्यांमधल्या तीनचा एक केला. विचारलं की सांगायचं.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन होता, वर्षभर येऊन-जाऊन असलेला. रोज सकाळी तो बगळ्याला म्हणायचा, "काय रे, आज नंबर लागतोय ना माझा?" आणि बगळा म्हणायचा, "आज तुमचा नंबर फक्त आंघोळीचा आहे," आणि म्हातारा खुश. त्या शनिवारीही त्यानं तसंच विचारलं. बगळ्यानं त्याचे पाय झाकले. हातातला चहाचा कप काढून स्टुलावर ठेवला. मान त्याच्या उशीच्या उंचीला आणली. आणि सांगितलं: साधारण तीन आठवडे.

सिस्टर त्याला भेटायला गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिची चाहूल लागली तसा वळला. मग म्हणाला, "तुमचा विद्यार्थी हुशार आहे हो, सिस्टर. अदब किती! थट्टा तेवढी शिकवायची राहिली." आणि पुन्हा भिंतीकडे वळला. त्यानंतर त्यानं कुणाचीच थट्टा केली नाही.

जिन्यात चष्मेवाली गाठ पडली. तिचे डोळे सुजले होते. "तीन ठेवले तर ते झालं, एक ठेवला तर हे. सिस्टर, तुम्हीच सांगा, किती ठेवू?"

"माहीत नाही गं."

"तुम्हाला माहीत नाही?" ती खरंच दचकली. "मग आम्ही कुणाला विचारायचं?"

सिस्टरला तेव्हा वाटलं, हे त्या दिवशी काचेपाशीच म्हटलं असतं तर! पण त्यानंही काय झालं असतं? आकडा दुसऱ्या कुणी दिला असता. आणि बगळ्याला काहीही शिकवलं असतं, तरी मंगळवारी दुपारी त्या केसांमागं बगळा नव्हता. तिथं जी बसली होती तिला सगळं येत होतं. जिला सगळं येतं तिनंच असं केलं, तर मग शिकवायला उरलं काय? ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. गुडघ्यांनी दगा दिला असता तर बरं, असं वाटलं. गुडघ्यांनी दिला नाही.

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली. अधीक्षकांची लांबट खोली, काच लावलेलं टेबल, झाकलेले पाण्याचे ग्लास. एका बाजूला भाची, तिच्या शेजारी सिस्टर. समोर अधीक्षक आणि चष्मेवाली. कोपऱ्यात बगळा उभा होता. सिस्टर आत आली तेव्हा त्यानं मान वाकवली होती.

"बगळ्याशी झालेलं संभाषण जपलेलं असतं," अधीक्षक म्हणाले. "ऐकवतो. तुमची तयारी आहे ना?"

भाचीनं मान हलवली. आणि त्या खोलीत धाकटी बोलू लागली.

"ए बगळ्या, इकडं ये. मान खाली कर. खरं सांग, मी चालले का?"

"तुम्हाला आत्ता कुणाजवळ बसून बोलायला आवडेल का? मी इथंच आहे."

"तू इथंच आहेस रे, कुठं जाशील? मला माझ्या पोरीला फोन करायचाय. दोन वर्षं झाली. चालले असेन तर करते. नाहीतर तीच आधी करील, हट्टी आहे, पण करील."

भाचीनं टेबलाची कड घट्ट धरली. दोन वर्षांत आईचा आवाज तिनं ऐकला नव्हता. मग दुसऱ्या दिवशीची सकाळ लागली. आवाज जरा खोल गेलेला.

"बगळ्या, काल तू टोलवलंस. आज सांग बाबा. चालले का मी?"

"मी डॉक्टरांना निरोप देऊ का? किंवा बहिणीला लवकर बोलावू?"

"राहू दे. येईलच ती."

आवाज संपला. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिची शिट्टी वाजत राहिली.

अधीक्षकांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं. का सांगितलं नाहीस?"

"दोनदा विचारलं होतं," बगळा म्हणाला. "त्या वेळच्या नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही."

"नियम कुणाचा?"

"माझा," सिस्टर म्हणाली. "मी सांगितला होता." हे म्हणणं सोपं गेलं. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, पण रागानं नाही. म्हातारी परिचारिका, जुनी रीत, चांगला हेतू. अधीक्षक तर हळूच मान डोलावत होते.

भाची मात्र कुणाकडेच बघत नव्हती. तिचा राग तिच्या चेहऱ्यावरून उतरत होता, आणि त्याच्या जागी जे येत होतं ते सिस्टरनं हजार चेहऱ्यांवर पाहिलं होतं.

"एकदाच," ती पुटपुटली. "अजून एकदाच विचारायचं होतं तिला. विचारलं असतं तर मी मंगळवारीच निघाले असते. 'राहू दे' म्हणाली." तिनं तक्रारीचा कागद पुढं सरकवला. "मागं घेते मी. यंत्राचा काय दोष? ते वाट बघत होतं. तिनंच सोडून दिलं."

चष्मेवालीनं श्वास सोडला. अधीक्षकांनी पेन उघडलं, लिहायला घेतलं, आणि रीतसर विचारलं, "सिस्टर, तुम्हाला आणखी काही म्हणायचंय?"

खोलीत चार जण होते आणि एक बगळा. तिच्याखेरीज त्यातल्या कुणालाही काही माहीत नव्हतं, आणि कुणाला कधी कळणारही नव्हतं.

"नाही," सिस्टर म्हणाली.

कागदावर सह्या झाल्या. बाहेरच्या बोळात लिफ्टपाशी दोघी उभ्या राहिल्या. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. भाचीच्या हातात आईच्या वस्तूंची पिशवी होती, पिशवीच्या तोंडातून आईचा पांढरा टॉवेल डोकावत होता.

"उद्या निघते मी, मावशी. शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाक. मला नको."

"ठेव गं. तिच्या हातचं आहे."

"काय करू ठेवून? बाबांच्या वेळी मी तिला बोलले ते तिनं शेवटपर्यंत धरून ठेवलं. मरताना माणूस शत्रूलाही बोलावतो. तिला एक प्रश्न जास्त विचारण्याइतकीही मी नको होते." ती अगदी शांतपणे बोलत होती, जणू दुसऱ्या कुणाबद्दल. "बरोबरच आहे म्हणा. मीच तशी वागले."

लिफ्टचा बाण खाली वळला. चार. तीन. सिस्टरनं भाचीच्या हातातली पिशवी काढून घेतली. का घेतली, तिलाही कळलं नाही. दार उघडलं, आत कुणी नव्हतं, आणि भाची पाऊल टाकणार तेवढ्यात सिस्टरनं तिचा दंड धरला.

"काय गं मावशी?"

"तिनं तिसऱ्यांदा विचारलं होतं."

"कुणाला?"

"मला. मंगळवारी दुपारी, केस धुताना. रिपोर्ट मी सोमवारीच वाचला होता, माझ्या पर्समध्ये होता. ती म्हणाली, ताई, मी चालले असेन तर पोरीला बोलावते. आणि मी हसले गं. मी हसून तिला सांगितलं, परवा घरी जायचंय."